नाकासमोर

ड्रिल व्हाइसमध्ये आडवं आवळलं,
त्याच्या तोंडी बाल्साचा ठोकळा.
लेथ नाही आपल्याकडे, डेल्मर म्हणाला,
पण जे फिरतं ते लेथच.

सॅलिनातल्या त्याच्या गॅरेजात
पांढरा भुगा बसला आमच्या भुवयांवर.
ऐंशीचा कागद, मग दोनशेवीसचा, मग
नुसता अंगठा.

पोस्टकार्ड कापून केलेला साचा टेकवला:
खांद्यापाशी फट, उजेड येतोय अजून.
एका मिलिमीटरने नाकी नऊ आणले.

रविवारी, गहू काढलेल्या रानातून सोडलं.
नाकासमोर जाईल वाटलं होतं.
वाऱ्याकडे वळलं.

धड सापडलं नाही.
नाक सापडलं, धसकटांत,
टोकाला माती.
डेल्मरने ते शर्टाला पुसलं, खिशात टाकलं.
म्हणाला, आता
याला शोभेल असं अंग करू.