नाण्याएवढी जागा

नारिनमध्ये उणे सव्वीस.
सागिनबेककाका बॅटरी घेऊन आले,
शालीत गुंडाळलेली, दोन्ही हातांनी पोटाशी धरून.
रात्रभर चुलीपाशी होती, म्हणाले,
नव्या वासराच्या शेजारी.
मी तारा लावल्या : बारा पूर्णांक सहा.
बॅटरी ठणठणीत.
वासराचं माहीत नाही.

गाडी ऑडी, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची,
निळी. बर्फात उभी तरी डोळे दिपतील इतकी निळी.
किल्ली फिरवली की
टक.
एकच टक, पुढे काही नाही.
दिवे मात्र लख्ख,
रेडिओवर कोणी मेंढ्यांचे भाव सांगतोय.

शेजारी जमलेच.
स्टार्टर गेला, एक म्हणाला.
दुसऱ्यानं हातोडी आणली,
दोन टोले दिले की ताळ्यावर येतो म्हणे.
तिसरा सूर्यफुलाच्या बिया सोलत म्हणाला,
विकून टाका.
मी ऐकून घेतलं. बत्तीस वर्षं घेतेय.
पहिली दहा तर लोक विचारायचे, नवरा कुठंय तुझा,
त्याला बोलाव, गाडी दाखवायचीय.

बिघाड हा बुजरा पाहुणा.
हाका मारून बाहेर येत नाही.
एकेका खोलीत डोकावायचं, आहेस का इथे?
फ्यूजपाशी नाही. रिलेत नाही.
स्टार्टरच्या जाड तारेत नाही, ती थेट बॅटरीइतकी भरलेली.
मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या उण्या बाजूला,
दुसरं इंजिनाच्या उघड्या अंगाला.
फिरवा किल्ली.
टक.
काटा नवावर.

शून्य हवं तिथं नऊ.

वीज निघाली कुठून, पोचली कुठे, एवढंच बघतात सगळे.
परत कशी येते ते कुणी विचारत नाही.
जायच्या वाटेला लाल तार, जाड वेष्टण, फ्यूज, सगळे लाड.
यायच्या वाटेला नुसता पत्रा, एक बोल्ट,
तांब्याची विणलेली पट्टी.
आम्ही तिला अर्थ म्हणतो.
गाडीला अर्थ लागत नव्हता.

जाजम टाकून खाली शिरले.
पट्टी शाबूत. बोल्ट घट्ट. वॉशर कोरा करकरीत.
बोल्ट सोडवून पट्टी उचलली
तर खाली
निळं.

हा रंग कुणी दिला?
काका बोनेटकडे बघत राहिले.
नुरदोलोतनं. ऑक्टोबरात,
येकातेरिनबुर्गला जायच्या आदल्या आठवड्यात.
इंजिन उतरवून दिला. कोपरासुद्धा सोडला नाही.
म्हणाला, मी येईपर्यंत गंजायला नको.

खरंच सोडला नव्हता.
लोखंडानं लोखंडाला उघडं भेटायचं
नेमकं तिथंच, एकावर एक,
तीन हात.
थंडी पडेपर्यंत बोल्टच्या आट्यांमधूनच
कसंबसं निभावत होतं.

मी पॉलिश पेपर काढला. काकांनी मनगट धरलं.
किती खरवडणार?
पट्टीपुरतं.
दाखव.
खिशातलं पाच सोमचं नाणं काढून पत्र्यावर ठेवलं.
त्यांनी ते उचललं,
आपलं एक सोमचं ठेवलं.
मी मान हलवली.
हातोडीवाल्याला काही कळेना, हे काय चाललंय.
जनावरांच्या बाजारातसुद्धा
असली घासाघीस मी केली नव्हती.
शेवटी तीन सोमवर जमलं.

नाण्याभोवती पेन्सिल फिरवून
रेघेच्या आत आत घासत गेले.
निळी पूड हातमोज्यावर, बर्फावर.
मग राखाडी. मग चमक.
पट्टी, वॉशर, बोल्ट, वरून ग्रीसचं बोट.

टक म्हणायच्या आतच इंजिन खोकलं,
थुंकलं, धरलं.
मी म्हणत होतोच, हातोडीवाला म्हणाला.

काका काच खाली करून म्हणाले,
फोनवर त्याला काही सांगू नकोस.
मी कशाला सांगू, मी ओळखत पण नाही त्याला.
विचारलंच तर?
बॅटरी गारठली होती.
हां, म्हणाले. बॅटरी.

शाल माझ्याकडेच राहिली.
ओली, केसाळ, दुधाचा वास येणारी.
म्हणजे उभं राहिलंय
वासरू.