डोळे राखून

मंजुळा भोये, वय एकोणचाळीस, राहणार पेठ तालुका.
मोहाडीला गोडी छाटणीच्या टोळीत आलेली.
मुकादमाच्या मोटारसायकलचा सायलेन्सर पोटरीला चिकटला,
त्यावर आठ दिवस टूथपेस्ट,
त्यावर बागेतली माती,
मग सिव्हिलची ड्रेसिंगरूम,
आणि मी.

पहिल्या दिवशी जखमेकडे तिने पाहिलं नाही.
भिंतीवरच्या हात धुण्याच्या चित्राकडे पाहत राहिली,
सहाच्या सहा पायऱ्या.
मी मेलेलं खरवडलं, जिवंत लागेपर्यंत.
जिवंत लागलं तेव्हा ती पहिल्यांदा ओरडली,
आणि मला बरं वाटलं.
या कामात असंच असतं.

कडेचा मुगाएवढा तुकडा वर लॅबमध्ये गेला.
ड्यूटी सुटताना कासलीवाल डॉक्टरांनी हाक मारली, बघा.
डोळा लावला.
गुलाबी पसारा, त्यात एक नळी,
इतकी अरुंद की तांबड्या पेशीने अंग मुडपूनच जावं.
आणि नळीच्या बाहेरून
तारेला बाळी गुंडाळते तशी
एक पेशी, हातपाय पसरून, बिलगलेली.

"पेरिसाइट," ते म्हणाले. "एरवी हिचं काम एवढंच,
नळी धरून ठेवायची,
वाट थोडी आवळायची, थोडी सैल सोडायची.
जखम झाली की काहींची मिठी सुटते."

सुटून काय करतात?

त्यांनी चहा संपवला, कपाच्या तळाशी बघितलं.
"त्यावर भांडण आहे.
काहीजण म्हणतात, हिच्यात सगळं निजलेलं असतं,
चरबी, हाड, स्नायू, लागेल ते.
काही म्हणतात, ताटलीत वाढवली तर होते तसं, अंगात नाही;
अंगात ती फक्त हाका मारते,
नव्या नळ्यांना सावरून धरते.
आणि काही जणी
सरळ व्रण विणायला बसतात."

मी त्र्यंबक नाक्यावर रिक्षाला हात केला
आणि रिक्षा थांबल्यावर बसायचं विसरले.

*

"काडीला डोळे असतात, शिस्टर," मंजुळा सांगत होती,
मी पट्टी भिजवून सोडवत होते.
"पार पानाच्या बगलेत. वरून काय दिसत नाय.
मोजून डोळे राखायचे नि कापायचं.
मग पेस्ट लावायची. हात सोलवटतात त्या पेस्टनं.
आठ-दहा दिसांत फुगतात, कापसावानी."

नाही कापलं तर?

"नाय कापलं तर शेंड्याचा फुटतो,
बाकीचे निजून राहतात. त्यांना काय पडलीय?"

आणि कापल्यावर सगळे फुटतात?

"सगळे कुठले! एखाद्याचा घड जिरतो.
नुसती बाळी उरते. मालक आम्हालाच बोलतो."

तिने मान वळवली. त्या दिवशी तिने जखम पाहिली.
कडेने लाल दाणे धरले होते,
बारीक, ओले, बोट लागलं तर रक्त येणारे.
"हे चांगलं का वाईट?"
चांगलं, म्हटलं.
"मग सोमवारी जाते. एकरी उक्तं घेतलंय,
माझी ओळ दुसरी कुणी कापली तर पैसे तिचे."

सोमवारी ती आली नाही. गुरुवारीही नाही.
रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे
मी रकाना मोकळा ठेवला.

*

फेब्रुवारीत आली, दुसऱ्या कुणाला घेऊन,
बोट कापलेल्या एका पोरीला.
ती पुढे, ही मागे. लुगडं वर केलं, मला न विचारता.
भरली होती.
भोवती तिची तिची सावळी कातडी सरकत आत आलेली,
मधोमध रुपयाएवढी चकाकती जागा,
केस नसलेली, ताणलेली.
"इथं मुंगी चढली तरी कळत नाय," ती म्हणाली,
आणि हसली, "इथला घड जिरला."

मी अंगठ्याने दाबलं.
फिकं पडलं.
सोडलं, मोजलं.
एक,
दोन,
रंग परत आला.

"हं," मी पोरीला म्हटलं, "दाखव बोट."