भुशाचा हिशेब

पोतं पाच रुपयांना होतं तेव्हापासून मी आणतोय.
टिंबर मार्केटात करवतीखाली सांडलेला भुसा,
साग वेगळा, बाभूळ वेगळी, आंबा वेगळा.
पांचाळ मॅडमची तंबी होती, सरमिसळ चालणार नाही.
वखारीतले वेलजीभाई हसायचे,
"अरे, भट्टीवाला पण एवढी जात विचारत नाही."

लूनाच्या मागे दोन पोती, पुढे एक,
भवानी पेठेतून पाषाणपर्यंत.
भुवयांत भुसा, कानात भुसा,
डब्यातल्या पोळीला भुशाचा परथन.
बायको दारातच वासावरून सांगायची,
आज निलगिरी वाटतं.

मॅडमचे वडील सुतार, कसब्यात पोळपाट घडवायचे.
रंध्याखालची सालपटं घरच्या बंबात जायची.
याबद्दल त्या एकदाच बोलल्या, तेही गॅस्केट बदलताना.
"बंब पेटायचा, पाणी तापायचं, मी शाळेत जायचे.
म्हणजे माझं शिक्षण भुशावरच झालं, रंगनाथ."
आणि पाना मागितला.

मी फक्त अकरावीपर्यंत शिकलेला.
एक दिवस विचारलंच,
भुशाचं इंधन करायला एवढी वर्षं का लागतात?
फळ्याकडे गेल्या नाहीत.
जुन्या सागवानी टेबलावर टिचकी मारली.
"झाड शंभर वर्षं एकच गोष्ट शिकतं, सुटायचं नाही.
वाऱ्यात नाही, पुरात नाही, वाळवी लागली तरी नाही.
आणि आपण त्याला तीन तासांत म्हणतो, सुट."

मग आम्ही म्हणतच राहिलो.
आम्ल घालून म्हटलं, वाफ कोंडून म्हटलं,
कुजक्या ओंडक्यावरची बुरशी वाढवून तिच्या तोंडून म्हणवलं.
कधी काळा चिकट राब हाती यायचा,
कधी थेंबभर काहीतरी, ज्यासाठी
मॅडम रात्री साडेनऊपर्यंत थांबायच्या
आणि वॉचमन कुलूप घेऊन तिष्ठत बसायचा.

भोसरीत एक छोटा प्लांटसुद्धा उभा राहिला.
नारळ फुटला, पेढे वाटले, अकरा महिने चालला.
मग समुद्रापलीकडे कुठे तेल स्वस्त झालं
आणि इथे कंपनीवाला आमचा फोन उचलेना.
शेवटचा वॉल्व्ह मॅडमनी स्वतः बंद केला.
ॲप्रनला हात पुसले.
सोमवारी मला म्हणाल्या, या वेळी बाभूळ आणा, जून बघून.

काल निरोप समारंभ झाला.
साहेब भाषणात तीनदा 'हरित भविष्य' म्हणाले.
शाल, श्रीफळ, आणि लाकडी सन्मानचिन्ह.
मॅडमनी ते उलटं केलं, कडेला नख लावलं,
माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या,
"एमडीएफ आहे. गोंदात दाबलेला भुसा."
एवढं हसलेलं मी त्यांना एकतीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी कपाटातली बाटली काढली.
अर्धा लिटर, चिठ्ठीवरची शाई उडालेली.
"नऊला एक मिसळा. जास्त नको, रबर खाईल."
ही माझी तिसरी लूना. खोकली, थरथरली, निघाली.
मॅडम मागून स्कूटीवर, शाल डिकीत.
पाषाण तलाव ओलांडला,
सूसच्या चढाला धापा टाकून बंद पडली.

मला वाटलं, आता वाईट वाटेल त्यांना.
त्यांनी नाक नळकांड्याजवळ नेलं, मग मीही नेलं.
मी म्हटलं बाभूळ. त्या म्हणाल्या साग.
वाद मिटला नाही.
"आकडा लिहून ठेवा," म्हणाल्या.
तिकिटाच्या पाठीवर लिहिला, दोन पूर्णांक तीन किलोमीटर.

लूनाला पायडल असतात ते बरं.
उरलेला चढ मी पाय मारत गेलो.