खरं

आमच्याकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात.
पुस्तकात खरं म्हणजे सत्य.
बेळगुंदीत खरं म्हणजे
थांबा, वाक्य अजून संपलं नाही.
मामा म्हणतो, बारशाला आलो असतो, खरं बस चुकली.
आई म्हणते, साडी चांगली हाय, खरं रंग जाणार.

फॉर्म एकाच पानाचा आहे.
वर कन्नड, खाली इंग्रजी,
मधल्या कोऱ्या जागेत मी मराठीत विचार करत बसलेली.
जादा तुकडी. नववी-दहावी, दोन वर्षं.
अख्ख्या शाळेतनं अठरा जण.
सकाळी सहाला गणित, शाळा सुटल्यावर विज्ञान,
रविवारी पेपर, दिवाळीला चार दिवस,
आणि सगळं इंग्रजीतनं.
म्हणजे लंबक गेला, अपवर्तन गेलं,
आठवीत ज्यांच्याशी एवढ्या मुश्किलीनं ओळख काढली
ते सगळे शब्द गावच्या स्टॉपवरच राहणार,
हात हलवत.

संध्याकाळी आमच्या कट्ट्यावर कागद येतात.
उतारा, नोटीस, लाइटबिल, सोसायटीचं पत्र.
कन्नड मला येतं म्हणजे वाचता येतं,
अडखळत, बोट ठेवून.
तरी कल्लाप्पा काका टोपी काढून ऐकतात,
जसं काही मीच तहसीलदार.
परवा त्यांनी विचारलं,
"रात्री नऊला घरात येणार तू? मग आमचं कोण वाचणार गे?"
आणि लगेच, "जा की. जा तू."
ते "जा की" मी मनात उलटून बघितलं,
मागच्या बाजूला काही लिहिलंय काय म्हणून.

आप्पा काहीच बोलत नाहीत. रताळी निवडतात.
मोठी एका पोत्यात, बारकी दुसऱ्या,
फावडं लागून तुटलेली घरात.
मी विचारलं, कुठली गोड असतात?
म्हणाले, उकडल्याबिगर कसं सांगू.

सुगंधाचं दोन मार्कांनी राहिलं.
बसमध्ये खिडकीवरनं आम्ही रोज भांडायचो.
आता ती चढल्या चढल्या सरकते
आणि खिडकी मला देते.
त्या खिडकीतनं मला काहीच धड दिसत नाही.

आणि एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही.
गावात मी हुशार आहे.
अठरा हुशारांत मी कितवी असेन
हे मला बघायचंय,
आणि बघायचं नाही.

शनिवारी उमाटे मॅडमनी स्टाफरूममध्ये बोलावलं.
मॅडम यवतमाळच्या. जूनपासून इथं.
आमचं कन्नडही त्यांना नवीन, आमचं मराठीही.
"कस्तुरी, येतेस ना मग?"
मी म्हटलं, "येतो, खरं…"

पुढचं सगळं ओळीनं तोंडात तयार होतं,
बस, कागद, खिडकी, कितवी.
मॅडम हसल्या.
"खरं ना? मग झालं तर!"
आणि पेनाचं टोपण निघालं.

कस्तुरी बोकमूरकर. निळ्या शाईत, अकराव्या ओळीवर.
मी सांगू शकले असते.
दोन शब्द तर लागले असते, मॅडम, तसं नाही.
मी शाईकडं बघत राहिले,
ती वाळेपर्यंत.

सोमवारी पाच दहाची बस.
स्टॉपवर एकच दिवा, त्याखाली कल्लाप्पा काका,
टोपी काढलेली, हातात घडीचा कागद.
"बस येईल आता, खरं बघ की जरा."
वळणावर उजेड दिसला.
मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.