सुईशिवाय

उणे एकतीस. उलानबातरमध्ये दार उघडलं
की आधी धूर आत येतो, मग माणूस.
बातखुयागच्या भुवयांवर बर्फ होता
आणि कोटाच्या आत, छातीशी,
चार महिन्यांची त्सेल्मेग.
आमच्या भाषेत त्सेल्मेग म्हणजे निरभ्र.

दुपटी सोडली.
दर श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती,
वाऱ्याच्या रात्री गेरच्या जाळीतून
नमदा आत यावा तशी.

"सुई द्या," तो म्हणाला.
सुईशिवाय कसला दवाखाना?
शेजारच्या बाळाला दिली, तिसऱ्या दिवशी खुदकन हसलं.
(ते तसंही हसलं असतं. मी बोलले नाही.)

किल्ली माझ्या गळ्यात असते.
कपाटात सगळं आहे: अँटिबायोटिकच्या बाटल्या,
श्वासनळ्या उघडणारी वाफ, स्टेरॉइड.
मी नवी नर्स होते तेव्हा आम्ही सगळंच द्यायचो,
एकावर एक.
बाळाचे हात थरथरायचे, काळीज घोड्यासारखं उधळायचं,
आणि आम्ही एकमेकींना म्हणायचो, लागू पडतंय हं.

डॉक्टर सेर्गेलेन माझ्या लेकीच्या वयाची.
तिने स्टेथोस्कोप आधी मुठीत ऊबवला.
खूप वेळ ऐकलं. पाठीवर, कुशीत, पुन्हा पाठीवर.
मग म्हणाली, किल्ली राहू दे.

नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब.
बारीक नळीने शेंबूड ओढला, त्सेल्मेग लालबुंद होऊन किंचाळली,
आणि मला बरं वाटलं, रडायला वारा पुरतोय.
मग ऑक्सिजन.
"एवढंच?" बातखुयाग उसळला. "हवाच घ्यायची तर
बाहेर काय कमी..."
आणि खिडकीकडे बघून थांबला.
खिडकीत दिवेसुद्धा दिसत नव्हते.

तेवढ्यात पडद्यापलीकडे दोन वर्षांचा एक मुलगा
कुत्र्यासारखा भुंकत खोकला.
त्याला सेर्गेलेनने औषध दिलं.
चमचाभरही नाही, एकदाच.
"त्याला दिलंत!"

कसं सांगू याला?
त्याचा गळा सुजलाय, तिथे औषधाचा हात पोचतो.
हिच्या आत, खोल, केसाएवढ्या नळ्या भरल्यात,
तिथे नुसती वाट बघावी लागते, डोळ्यात तेल घालून.
आणि वाट बघणं काही चिठ्ठीवर लिहिता येत नाही.
सगळीच बाळं वाट बघून सुधारत नाहीत,
काही वर जातात, मशीनच्या मजल्यावर.
तेही मी बोलले नाही.

साडेतीन. अठ्ठ्याऐंशी.
चार. नव्वद, मग पुन्हा एकोणनव्वद.
त्याने विचारलं, घरी बायकोला काय सांगू, काय दिलं?
मी म्हटलं, ही नळी धरा. नाकापासून हलू देऊ नका.

त्याने धरली.
नखांत कोळसा, ट्रक चालवणारा दणकट हात,
अंड्यातलं पिल्लू धरावं तसा.
सहा वाजेपर्यंत त्याने हात बदलला नाही.
तिने मधे वीस मिली दूध घेतलं
आणि त्यातलं थोडं त्याच्या बाहीवर ओकली.