मिडियम की बारीक

अवसेच्या रात्री साडेनऊला
वाघोटणच्या खाडीतून गिऱ्हा वर आला
आणि तातू हिंदळेकराच्या सलूनात रिकाम्या खुर्चीत बसला.
मी साक्षीदार. शेजारच्या खुर्चीत होतो,
अर्धी दाढी झालेली, अर्धी फेसात.

तातू म्हणजे कोण, तर पाण्याला इतका भिणारा
की गिऱ्हाइकावर फवारा मारताना स्वतःच डोळे मिटून घेई.
पलीकडच्या काठावरची तीन स्थळं
त्याने तरीत बसावं लागेल म्हणून नाकारली.
आणि त्याच्यासमोर आता हे:
शेवाळाचा वास, गुडघे कानांशी,
आणि केस? केस खुर्चीवरून, उंबऱ्यावरून,
धक्क्याच्या पायऱ्या उतरून
उरलेले अजून खाडीतच.

"पूर्वी माणसां येयत," गिऱ्हा म्हणाला,
"कोयते घेवन, माजे केस कापूक.
आता कोण येना नाय. माका उकाडता रे."

तातूचा घसा सुकला. पण धंदा तो धंदा.
गिऱ्हा काय, गिऱ्हाईक काय, दोन अक्षरांचा फरक.
त्याने टॉवेल झटकला आणि विचारलं,
"मिडियम की बारीक?"

कात्रीला तीनदा धार लावावी लागली.
एका बटेतून दोन कुर्ल्या निघाल्या, भांडत.
दुसरीतून भाऊ खवणेकराची स्लीपर, डावी,
जिच्यासाठी त्याने सख्ख्या मेहुण्यावर आळ घेतला होता.
शेवटी तातूने मागून आरसा धरला.
"हे कान माजे?"
"तुझेच. दाढीचे वेगळे पडतील."

आता तुम्हाला ठाऊकच असेल,
गिऱ्ह्याचा केस जो मांडी चिरून आत लपवील
गिऱ्हा त्याचा जन्माचा चाकर.
मी फेसातून ओरडलो, "तातू, मांडी! एकच केस!
बर्फाचा कारखाना काढू!"
"ब्लेडने? आणि धनुर्वात झाला तर?
डॉक्टर फक्त शनिवारी येतो," असं म्हणून
तातूने सव्वीस वर्षांच्या सवयीने केर काढला,
केस डब्यांत भरले, सतरा डबे झाले,
आणि मागच्या माडाच्या मुळात ओतले.
माडाला केसांचं खत चांगलं.

माडाने ते शिरवाळ्यांसारखे सुर्रकन ओढून घेतले.

गिऱ्हा उठला. आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही.
मागे जाऊन माडापुढे हात जोडून उभा राहिला:
"काय हुकूम, मालकानू?"

माड गप्प.
माडाला काय सांगायचं असतं?

पहाटे वाऱ्याने एक झावळ हलली.
"व्हय म्हाराजा!" करून गिऱ्हा पळत सुटला,
दुपारी परत आला, ओंजळीत गोडं पाणी,
कुठून आणलं ते त्यालाही सांगता येईना.
पाडेली नारळ काढायला आला
तेव्हा त्याचा कोयता दोन बोटांनी दुमडून
गिऱ्हा अदबीने पुटपुटला, "हळू. मालक निजलेत."

हे किल्ल्यावरच्या खविसाला खुपलं.
बिनडोक्याचा, पण मत्सर करायला डोकं लागत नाही.
पौर्णिमेला तो उतरला, माडाला मिठी घालून उपटू लागला.
गिऱ्हा नुसता ओरडतोय, "हुकूम, मालकानू! हुकूम!"
तातू पाण्याचा फवारा रोखून उभा, डोळे मिटून.
मी त्याच्या मागे, टॉवेल घेऊन.

आणि माडाने, आयुष्यात पहिल्यांदा,
स्वतःहून काहीतरी केलं.
एक नारळ सोडला.
धप्प.
बरोबर खविसाच्या रिकाम्या मानेवर, घट्ट बसला,
शेंडी वर.

तो चाचपत राहिला. गाल. शेंडी. पुन्हा गाल.
डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं,
कितीतरी वर्षांनी बघितलं,
आणि नेमकं खाडीवर चांदणं पडलेलं.
मग रडला. डोळे तीन, तिन्हींतून नारळाचं पाणी.

हल्ली तो दर बुधवारी येतो.
शेंडीचा एक काथ्या वाढलेला चालत नाही त्याला.
तातू टॉवेल झटकतो, विचारतो.
खवीस आरशात बघत राहतो.
घाई नसते त्याला.

माझी अर्धी दाढी अजून बाकी आहे.