एकाच उंचीची अक्षरं

आटपाडीत बोर्ड रंगवायला लागलो तेव्हापासून
दोन शब्द या हातानं सगळ्यात जास्त लिहिले :
फक्त, आणि पासून.
फक्त मोठा, पिवळा, काळ्या सावलीचा.
पासून बारीक, शून्य नंबरच्या ब्रशनं,
आकड्याच्या काखेत दडवलेला.

स्टँडसमोरच्या दवाखान्याला मीच लिहून दिलं :
दात काढा फक्त ९९,
आणि नव्व्याण्णवच्या डोक्यावर एक चांदणी.
चांदणी कशाची, ते खाली, गटाराच्या कडेला,
जिथं लोक सायकली टेकवतात.
झकास जमली होती चांदणी. पाच टोकं, एकसारखी.

मग माझीच दाढ ठणकली.
त्याच चांदणीखालून आत गेलो.
फोटोचे वेगळे, भुलीचे वेगळे, टाक्याचे वेगळे,
"तुमची आडवी आहे, नदाफ, आडवीला तो रेट नाही."
सव्वीसशे दिले. तोंडात कापूस,
बोलता येत नव्हतं, म्हणून भांडलो नाही.

या उन्हाळ्यात मेटकऱ्यांची रेवती डॉक्टर होऊन आली.
बापूराव हेड्याची धाकटी.
बापूराव खरसुंडीच्या जत्रेत खोंडाचा जबडा उघडून
एका नजरेत सांगायचे : आदत, दोनदाती, चारदाती, जुळलेला.
वय सगळ्यांदेखत, उन्हात.
भाव मात्र टॉवेलाखाली, बोटं दाबून,
विकणाऱ्याला एक, घेणाऱ्याला एक,
मधलं बापूरावांच्या खिशात.
त्याच खिशातनं पोरीची फी भरली गेली.
हे तीच सांगते, मी नाही.

तिनं वहीचं पान फाडून दिलं.
दात काढणे, इतके. त्यात फोटो, भूल, एक दिवसाचं औषध.
आडवी दाढ असेल तर इतके,
आणि ते तपासल्यावर, हात लावायच्या आधी सांगू.
कॅप वेगळी. कॅपचे इतके.
"दुखणार नाही असं लिहू नका चाचा, थोडं दुखतं.
सर्वात स्वस्त नको, मी सगळ्यांना विचारून आलेले नाही.
हसणारी बाई नको, तिचे दात मी केलेले नाहीत."
आणि चांदणी?
"आभाळात राहू दे.
सगळी अक्षरं एकाच उंचीची काढा."

मी टेप लावला. मावेना.
म्हटलं, बाई, एवढं खरं सहा बाय तीनवर बसत नाही,
आठ बाय चारचा पत्रा लागेल.
"किती होतील?"
म्हटलं, आठशेपासून.
ती काही बोलली नाही.
नुसती माझ्या तोंडाकडं बघत राहिली,
काढलेल्या दाढेच्या जागेकडं बघावं तशी.
मग मी पेन्सिल उचलली. तिच्याच पानाच्या मागं
पत्रा, रंग, दोन दिवसांची मजुरी,
शिडी धरणाऱ्या पोराचे शंभर,
असं जन्मात पहिल्यांदा सगळं लिहिलं.
बेरीज एकवीसशे.
लाज वाटेल असं वाटलं होतं. वाटली नाही.

काल बोर्ड चढला.
बापूराव काठी टेकून खाली उभे.
शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं त्यांनी, आणि मग म्हणाले,
"दात कोरून पोट भरत न्हाई, पोरी."

दुपारी एक म्हातारा मेंढका आला, गालाला पंचा बांधलेला.
अक्षराला अक्षर लावून वाचलं, ओठ हलवत.
डावा पंजा उघडून पेरं मोजली.
दोनदा मोजली.
वळला, आणि बाजाराच्या वाटेनं निघून गेला.
गिऱ्हाईक गेलं, मी शिडीवरनं म्हटलं.
रेवती दारात होती. म्हणाली,
"जाऊ द्या. मोजून गेलेत."

परत आला की नाही, मला ठाऊक नाही.
एवढंच बघितलं,
पंचा त्याच्या गालालाच होता, हातावर नव्हता.